गोळी बीपीची, काम हृदयाचं : हार्ट फेल्युअरमध्ये ही औषधं कशी सुरू करायची, वाढवायची आणि सांभाळायची

हार्ट फेल्युअरचं, म्हणजे हृदय शरीराला पुरेल इतकं काम करू शकत नसल्याचं, निदान होऊन घरी आलं, की औषधांची पिशवी उघडताना एक प्रश्न हमखास निघतो : बीपी तर ११० आहे, मग बीपीच्या तीन-तीन गोळ्या कशाला? पाकिटातल्या कागदावरही 'उच्च रक्तदाबासाठी' असंच छापलेलं असतं. मग एखाद्या सकाळी मशीनवर १०० दिसलं की घरातच निर्णय होतो, आज गोळी नको. पुढे आठवड्यातून दोनदा, मग चारदा. महिन्याभरात पायावर सूज येते, आडवं झालं की दम लागतो म्हणून रात्री उशा वाढतात, आणि नेमकं काय चुकलं ते कुणाच्या लक्षात येत नाही.

या गोळ्या बीपीच्या आजारात वापरल्या जातात हे खरंच. पण हार्ट फेल्युअरमध्ये त्यांच्याकडून काढून घ्यायचं काम निराळं असतं. मशीनवरचा आकडा इथे फक्त 'अजून किती पुढे जाता येईल' हे सांगतो. कुठे पोचायचं, ते ठरतं औषधाच्या डोसवर. डोस बदलणं डॉक्टरांचं काम. पण ज्या नोंदींवर तो निर्णय उभा राहतो त्या घरीच होतात, म्हणून हे सगळं घरच्यांना माहीत असायला हवं.

आधी पंपिंगचा हिशेब

इकोच्या रिपोर्टवर 'इजेक्शन फ्रॅक्शन' नावाचा जो आकडा असतो, त्यालाच आपण पंपिंग म्हणतो. निरोगी हृदयाचा डावा खालचा कप्पा भरला की त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त मावतं. एका ठोक्याला त्यातलं ७२ मिलिलिटर बाहेर पडलं, तर पंपिंग झालं ६० टक्के. आता थकून ताणलेलं हृदय घ्या. तो कप्पा फुगून २०० मिलिलिटरचा झालाय आणि दर ठोक्याला ६० मिलिलिटर बाहेर टाकतोय. पंपिंग ३० टक्के. मिनिटाला ७० ठोके धरले तर पहिल्याचे ५ लिटर, दुसऱ्याचे ४.२ लिटर. म्हणजे 'पंपिंग निम्म्यावर आलं' याचा अर्थ शरीराला निम्मं रक्त मिळतंय असा होत नाही. हृदयाने फुगून ती तूट बरीचशी भरून काढलेली असते. त्याची किंमत मात्र स्नायू मोजत असतो. पोकळी जितकी रुंद आणि भिंत जितकी पातळ, तितका त्याच बीपीला भिंतीवरचा ताण जास्त.

तूट भरून काढण्यात शरीराचे आणखी दोन हात असतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचलं की ते रेनिन सोडतं, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पाठोपाठ अल्डोस्टेरॉन मीठ आणि पाणी धरून ठेवतं. दुसरीकडे अ‍ॅड्रेनलिन आणि त्याच्या भावंडांमुळे ठोके वाढतात. अपघातात रक्त गेलं असेल तर हीच व्यवस्था तासाभरासाठी जीव वाचवते. हार्ट फेल्युअरमध्ये ती महिनोन्महिने चालू राहते, आणि मग आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध ढकलत, जास्तीचं पाणी पेलत, जलद ठोके देत हृदय आणखी फुगतं. स्नायूत तंतूंचे व्रण पडायला लागतात.

औषधं घाव घालतात ते या चक्रावर. वाहिन्यांचा आवळा सैल झाला की दुबळं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर टाकू शकतं. रक्तदाब म्हणजे प्रवाह गुणिले विरोध. विरोध कमी झाला आणि प्रवाह वाढला, तर गुणाकार फारसा बदलत नाही. बीपी ११० असलेल्या माणसालाही ही औषधं झेपतात आणि उपयोगी पडतात, त्यामागे हे गणित आहे.

नुसतं बीपी उतरवून भागत नाही, हे १९८६ सालीच एका मोठ्या चाचणीत दिसलं. प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं बीपीचं औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण खोटी गोळी घेणाऱ्यांइतकंच राहिलं. हायड्रालाझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ही जोडी घेणाऱ्यांत पंपिंग सुधारलं आणि मृत्यूही कमी झाले. पुढच्याच वर्षी एनालाप्रिलचे निकाल आले. अगदी गंभीर अवस्थेतल्या रुग्णांत सहा महिन्यांतले मृत्यू ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. त्याच प्राझोसिनच्या कुळातल्या डॉक्साझोसिनची कहाणी तर उलटीच. बीपीच्या रुग्णांवरच्या एका प्रचंड चाचणीतला त्याचा गट २००० साली मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात हार्ट फेल्युअर जास्त होत होतं. तेव्हा 'कोणतीही बीपीची गोळी चालेल' हा हिशेब इथे लागू पडत नाही.

कोणती गोळी काय करते

नावाच्या शेपटावरून ओळखता येतं. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल असं 'प्रिल' आलं की ते अँजिओटेन्सिन तयारच होऊ देत नाही. लोसार्टन, वाल्सार्टन, कँडेसार्टन असं 'सार्टन' आलं की अँजिओटेन्सिन तयार होतं, पण त्याला चिकटायला जागा मिळत नाही. सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन या जोडगोळीत सार्टन तर आहेच, शिवाय हृदय स्वतःच्या बचावासाठी जी संप्रेरकं सोडतं ती लवकर तुटू नयेत अशी सोयही आहे. २०१४ च्या चाचणीत एनालाप्रिलच्या तुलनेत तिने हृदयविकाराचे मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होणं, यांचा एकत्रित धोका २० टक्क्यांनी कमी केला.

बीटा ब्लॉकरची गोष्ट जास्त गमतीची आहे. ही औषधं ठोक्याचा जोर कमी करतात, म्हणून अनेक वर्षं हार्ट फेल्युअरमध्ये ती वर्ज्य मानली जात. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी मूठभर रुग्णांना ती देऊन सुधारणा झाल्याचं लिहिलं, आणि सर्वमान्य व्हायला १९९९ उजाडलं. अडचण अशी की सुरुवातीचे काही आठवडे पंपिंग खरंच थोडं घसरू शकतं, थकवा वाटतो, कधी दमही वाढतो. मग अ‍ॅड्रेनलिनच्या माऱ्यातून सुटलेला स्नायू सावरतो आणि दोन-तीन महिन्यांनी पंपिंग सुरुवातीपेक्षा वर जातं. पहिल्या पंधरवड्यात 'ही गोळी मानवत नाही' म्हणून सोडून देणारे नेमके फायद्याच्या तोंडावर थांबतात.

पाकिटावरचं नाव इथे अक्षर न् अक्षर वाचा. पंपिंग कमी असताना भक्कम पुरावा आहे तो तीनच बीटा ब्लॉकरना : बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट. वयस्करांत नेबिव्होलॉललाही आधार आहे. अ‍ॅटेनोलॉलला नाही. आणि मेटोप्रोलॉल टार्टरेट म्हणजे सक्सिनेट नव्हे. टार्टरेट काही तासांत ओसरतं, सक्सिनेट दिवसभर हळूहळू सुटतं. दुकानातून बदली पाकीट घेताना ही गफलत नेहमी होते. सक्सिनेटची गोळी चावू किंवा कुटू नये; मधे खाच असेल तर तिथून अर्धी करायला हरकत नाही.

स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन अल्डोस्टेरॉनला अडवतात. दिसायला ही लघवीची गोळी, पण हृदयातले व्रण रोखण्यासाठी दिलेली. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोनने गंभीर रुग्णांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. दहातल्या एखाद्या पुरुषाला त्याने छातीत दुखरी गाठ येते किंवा स्तन वाढतात. लाजून गोळी बंद करू नका, एप्लेरेनोनवर बदलता येतं.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन मुळात मधुमेहाची औषधं. २०१९-२० पासून मधुमेह नसलेल्यांनाही हार्ट फेल्युअरसाठी दिली जातात. दोन्हींचा डोस दिवसाला १० मिलिग्रॅम, वाढवायची भानगड नाही, बीपीही किंचितच उतरतं. फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही खरी लघवीची गोळी. ती अंगातलं पाणी काढून दम आणि सूज कमी करते, पण आजाराचं मूळ चक्र तोडत नाही. हा फरक पुढे बीपी उतरल्यावर फार कामाचा ठरतो.

सुरू करण्याआधी

रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं गाळणं कमी झालं की वाढणारा टाकाऊ पदार्थ) आणि मूत्रपिंडाची गाळण्याची गती हे आकडे हातात असल्याशिवाय पहिली गोळी घ्यायची नाही. तारखेसह वहीच्या पहिल्याच पानावर लिहा, कारण पुढचा प्रत्येक रिपोर्ट याच्याशी ताडून पाहायचा आहे. सोबत ईसीजी, इको, सकाळचं वजन, नाडी, आणि बसून व उभं राहून घेतलेलं बीपी. घरात चालू असलेली सगळी औषधं, अगदी डोळ्यांचे थेंब आणि अधूनमधून घेतलेली दुखण्याची गोळीसुद्धा, एका कागदावर आणा.

बीपी मोजण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. लघवीला जाऊन या. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, न बोलता ५ मिनिटं बसा. उघड्या दंडावर पट्टा बांधा, दंड हृदयाच्या पातळीला येईल असा हात टेबलावर ठेवा. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा आणि दोन्ही लिहा. मग उभं राहा आणि १ व ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर ते उभं राहताना घसरणारं बीपी समजायचं. नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित मशीन गोंधळतं. तीन वेळा मोजून सरासरी काढा. रोज सकाळी गोळीच्या आधी एकदा, आणि डोस बदलल्याच्या आठवड्यात गोळीनंतर दोन तासांनीही एकदा, एवढं पुरे. दिवसातून दहा वेळा मोजल्याने फक्त धास्ती वाढते.

वजन सकाळी लघवीनंतर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं तर ते पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

डोस : कुठून निघायचं, कुठे पोचायचं

हे आकडे पंपिंग ४० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या प्रौढांसाठी नेहमी वापरले जाणारे आहेत. आपल्या चिठ्ठीवरचा डोस या वाटेवर कुठे आहे ते कळावं म्हणून ते दिलेत. स्वतःहून वाढवण्यासाठी नव्हेत.

एनालाप्रिल २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तिथून १० ते २० दोनदा. रामिप्रिल १.२५ ते २.५ पासून दिवसाला एकूण १० पर्यंत. लोसार्टन २५ ते ५० पासून १५० पर्यंत, एकदाच. वाल्सार्टन ४० दोनदापासून १६० दोनदापर्यंत. सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनची पाकिटं घोटाळ्यात टाकतात : काहींवर ५०, १००, २०० असं असतं, काहींवर २४/२६, ४९/५१, ९७/१०३. ही अनुक्रमे एकच ताकद आहे, मोजायची पद्धत वेगळी. ५० किंवा १०० दोनदा सुरू करून २०० दोनदापर्यंत न्यायचं असतं.

बिसोप्रोलॉल १.२५ पासून १० पर्यंत, एकदा. कार्व्हेडिलॉल ३.१२५ दोनदापासून २५ दोनदा, वजन ८५ किलोच्या वर असेल तर ५० दोनदा. हे जेवणासोबत घ्यायचं, म्हणजे रक्तात हळू उतरतं आणि चक्कर कमी येते. मेटोप्रोलॉल सक्सिनेट १२.५ ते २५ पासून २०० पर्यंत. स्पायरोनोलॅक्टोन १२.५ ते २५ पासून ५० पर्यंत, एप्लेरेनोन २५ पासून ५० पर्यंत.

प्रिल, सार्टन आणि बीटा ब्लॉकर यांचा डोस दुप्पट करायला साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठेवण्याची जुनी रीत. अंगात पाणी साचलेलं असताना बीटा ब्लॉकर सुरू करायचा किंवा वाढवायचा नाही; आधी फ्युरोसेमाइडने कोरडं व्हायचं, मग हात लावायचा. बाकीच्या बाबतीत आता धीमेपणाचा आग्रह उरलेला नाही. २०२२ मध्ये आलेल्या एका चाचणीत दवाखान्यातून घरी जाताना अर्धा डोस आणि दोन आठवड्यांत पूर्ण डोस, असा वेग ठेवला. दर थोड्या दिवसांनी तपासणी चालू होती. सहा महिन्यांतले मृत्यू आणि पुन्हा भरती होणं, दोन्ही मिळून स्पष्ट कमी झालं. चारही कुळांतल्या (प्रिल-सार्टन, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन-एप्लेरेनोन आणि ग्लिफ्लोझिन) औषधांचा थोडा थोडा डोस लवकर सुरू करणं हे एकाच औषधाला शिखरावर नेऊन मग दुसऱ्याकडे वळण्यापेक्षा बरं. घाई चालते ती तपासण्यांसकट. तपासण्या गाळून केलेली घाई अंगाशी येते.

प्रिलवरून सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनवर जायचं असेल तर शेवटच्या प्रिलनंतर पूर्ण ३६ तास जाऊ द्या. दोन्ही एकत्र आली तर ओठ, जीभ, घसा सुजून श्वास अडू शकतो. घरातलं प्रिलचं उरलेलं पाकीट त्याच दिवशी बाजूला काढून टाका, कारण सवयीने हात तिकडेच जातो. सार्टनवरून जाताना हे अंतर लागत नाही. पुढच्या डोसच्या वेळी नवीन गोळी घ्यायची. आणखी एक बारकावा : ही गोळी चालू असताना रक्तातलं बीएनपी, म्हणजे हृदय बचावासाठी सोडतं त्यांपैकी एक संप्रेरक, वाढलेलं दिसतं, कारण तेच तुटायचं थांबलेलं असतं. तपासणी करायची तर एनटी-प्रोबीएनपीची.

क्रिएटिनिन वाढलं, आता?

प्रिल, सार्टन किंवा सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन सुरू केल्यावर, आणि दर वेळी डोस वाढवल्यावर, एक ते दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं. स्पायरोनोलॅक्टोनसाठी १ आणि ४ आठवड्यांनी, मग ८ आणि १२ व्या आठवड्यात, पुढे ६, ९ आणि १२ महिन्यांनी, त्यानंतर दर चार महिन्यांनी.

क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षितच असतं. मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर पडणारी बारीक नळी अँजिओटेन्सिनमुळे आवळलेली असते. त्या आवळ्यानेच गाळणीत दाब टिकून असतो. औषधाने ती सैल झाली की दाब उतरतो, गाळणं कमी होतं, आकडा वर जातो. मूत्रपिंडाला इजा झाली असा त्याचा अर्थ लगेच लावायचा नाही. मूळ आकडा १.२ होता आणि आता १.६ आला, तर ही तेहतीस टक्क्यांची वाढ. माणूस बरा असेल आणि पोटॅशियम ठीक असेल तर औषध तसंच चालू ठेवून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. मूळच्या ५० टक्क्यांपर्यंतची वाढ, किंवा ३ पर्यंतचा आकडा, यातलं जे कमी असेल तिथवर साधारणपणे चालवून घेतात. १.२ चं १.८ च्या पुढे गेलं तर आधी इतर कारणं शोधायची : दुखण्याच्या गोळ्या, जुलाब, गरजेपेक्षा जास्त फ्युरोसेमाइड. ती दूर करूनही उतरलं नाही तर डोस अर्धा. आकडा मुळाच्या दुप्पट झाला किंवा ३.५ च्या वर गेला तर औषध थांबवून तज्ज्ञांकडे.

पोटॅशियमची गोष्ट इतकी सैल नाही. ५.५ च्या वर गेलं की स्पायरोनोलॅक्टोनचा डोस अर्धा, ६ च्या वर ताबडतोब बंद आणि त्याच दिवशी ईसीजी. मात्र रक्त काढताना दंडाला पट्टा फार वेळ आवळला, मूठ वारंवार उघडझाप केली किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढतो. माणूस ठणठणीत आणि रिपोर्ट अचानक ५.९, असं दिसलं तर तातडीने पुन्हा नमुना द्या. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. मीठ कमी करायच्या चांगल्या हेतूने आणलेली ती डबी स्पायरोनोलॅक्टोन आणि प्रिल यांच्या जोडीला धोक्याची आहे. ट्रायमेथोप्रिम असलेली प्रतिजैविकंही पोटॅशियम वाढवतात. लघवीच्या संसर्गासाठी ती सर्रास लिहिली जातात, तेव्हा डॉक्टरांना आपली यादी दाखवाच. प्रिल, सार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन अशी तिन्ही एकत्र द्यायची नसतात.

बीपी कमी आलं, आता?

पहिला प्रश्न आकड्याचा नाही, त्रासाचा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, तोल जातो का, लघवी कमी झाली का, कामात लक्ष लागत नाही का? यातलं काहीच नसेल आणि वरचा आकडा ९२-९५ असेल, तर हार्ट फेल्युअरच्या उपचारात तो चालतो. औषधाला हात लावायची गरज नसते. डॉक्टरांना आकडा सांगा आणि त्रास नाही हेही सांगा. अर्धीच माहिती गेली की डोस उगाच घटतो.

त्रास होत असेल तर कापाकापीचाही एक क्रम आहे. आधी अशी औषधं काढायची ज्यांचा हृदयाला फायदा नाही : जुनी बीपीची गोळी म्हणून चालू राहिलेलं अ‍ॅम्लोडिपिन, प्रोस्टेटसाठीचे अल्फा ब्लॉकर, छातीत दुखत नसताना चालू असलेले नायट्रेट. मग सूज नाही, गळ्याची शीर फुगलेली नाही, वजन खाली आलंय असं दिसलं तर फ्युरोसेमाइड कमी. या पायरीवर बहुतेकांचं काम भागतं, कारण कमी बीपीमागे पुष्कळदा अंग गरजेपेक्षा कोरडं पडलेलं असतं. हे सगळं करूनही चक्कर राहिली तरच प्रिल-सार्टन किंवा बीटा ब्लॉकरचा डोस एक पायरी खाली आणायचा, शक्यतो पूर्ण बंद नाही.

त्याआधी वेळापत्रक पाहा. सकाळी आठ वाजता सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, कार्व्हेडिलॉल, फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, सगळं एका घोटात. दहा वाजता अंघोळ करून उठताना बीपी ८४, भिंत धरावी लागते. संध्याकाळी पाच वाजता तेच १२०. हा डोसाचा दोष नाही, एकदम घेतल्याचा आहे. फ्युरोसेमाइड उठल्याबरोबर, सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन त्यानंतर एक-दोन तासांनी, कार्व्हेडिलॉल जेवणासोबत, स्पायरोनोलॅक्टोन दुपारी किंवा रात्री, अशी विभागणी डॉक्टरांना विचारून केली की तोच एकूण डोस झेपतो. फ्युरोसेमाइडचा दुसरा डोस असेल तर तो दुपारीच घ्या, नाहीतर रात्रभर उठावं लागतं आणि अंधारात तोल जाऊन माणूस पडतो.

नाडी ५० च्या खाली आणि सोबत थकवा किंवा चक्कर असेल तर बीटा ब्लॉकर अर्धा करतात आणि ईसीजी काढतात. त्रास नसलेली ५५ ची नाडी ही अडचण नव्हे. उलट पूर्ण झेपेल तितका बीटा ब्लॉकर देऊनही नाडी ७० च्या वर, लय नियमित आणि पंपिंग ३५ टक्क्यांच्या आत असेल तर इव्हाब्रॅडिन जोडता येतं. त्याने ठोके कमी होतात, बीपी नाही. प्रिल आणि सार्टन मूत्रपिंडामुळे अजिबात झेपत नसतील, तर हायड्रालाझिन-नायट्रेटची ती जुनी जोडी आजही उभी आहे.

कोरडा खोकला प्रिलमुळे येतो. पण दम लागून, आडवं झाल्यावर येणारा खोकला फुफ्फुसात पाणी चढल्याचा असतो. दोन्हीत गल्लत झाली तर गरज असलेलं औषध बंद होतं आणि पाणी तसंच राहतं. खरंच प्रिलचा खोकला असेल तर सार्टन द्यायचं. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र वाट पाहायची नाही. थेट तातडीच्या विभागात जायचं, आणि प्रिल पुन्हा कधीच नाही.

या गोळ्यांचं काम बिघडवणारं

डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल ठोक्याचा जोर कमी करतात आणि बीटा ब्लॉकरसारखा मोबदला देत नाहीत. पंपिंग कमी असताना ती टाळायची. अ‍ॅम्लोडिपिन घातक नाही, पण उपकारकही नाही, शिवाय घोट्यावर सूज आणून आजार वाढल्याचा भास करतं. मॉक्सोनिडिन या बीपीच्या औषधाने हार्ट फेल्युअरच्या चाचणीत मृत्यू वाढले होते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही दुखण्याची औषधं मीठ-पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडाचा पुरवठा कमी करतात आणि फ्युरोसेमाइडचा परिणाम बोथट करतात. गुडघा दुखला म्हणून चार दिवस घेतलेली गोळी माणसाला भरती करू शकते. त्याऐवजी पॅरासिटामॉल, तेही पाण्यात फसफसणारं नको, कारण त्यात सोडियम भरपूर असतं. चोंदलेलं नाक उघडणाऱ्या स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या नकोत. नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल अजिबात नाही. दोन्ही मिळून बीपी धाडकन कोसळतं. गर्भधारणा शक्य असेल तर आधीच सांगा, कारण प्रिल, सार्टन आणि सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन गर्भाला घातक आहेत.

उलट्या, जुलाब, तापात खाणंपिणं तुटलं की हिशेब उलटतो. अंग कोरडं पडत असताना फ्युरोसेमाइड, प्रिल-सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन आणि ग्लिफ्लोझिन चालू राहिली तर मूत्रपिंड दोन दिवसांत बसू शकतं. अशा वेळी कोणती गोळी किती दिवस थांबवायची ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि कपाटाच्या दाराला चिकटवा. बरं वाटून २४ ते ४८ तास नीट खाणंपिणं झालं की त्या परत सुरू करायच्या. परत सुरू करणं विसरणं ही इथली नेहमीची चूक. बीटा ब्लॉकर मात्र या यादीत नसतो. तो एकाएकी तोडला तर ठोके उसळतात, छातीत दुखू शकतं.

पंपिंग चांगलं असूनही हार्ट फेल्युअर

पंपिंग ५० टक्क्यांच्या वर आणि तरी दम लागतो, सूज येते, अशांचं हृदय आकुंचन पावतं पण सैल होत नाही, त्यामुळे भरत नाही. तिथे उंचावलेलं बीपी हे बऱ्याचदा मूळ कारणच असतं आणि ते उतरवणं हेही उद्दिष्ट ठरतं. ग्लिफ्लोझिन दोन्ही प्रकारांत चालतं. बीटा ब्लॉकरचा वर सांगितलेला फायदा मात्र या प्रकारात सिद्ध झालेला नाही. तो दुसऱ्या कारणासाठी दिलेला असेल तर ते कारण विचारून घ्या.

पंपिंग सुधारल्यावर

योग्य डोसवर तीन महिने झाल्यावर इको पुन्हा काढतात. तोपर्यंत छातीत बसवायच्या झटका देणाऱ्या यंत्राचा निर्णयही सहसा थांबवतात, कारण आज ३० टक्के असलेलं पंपिंग तेवढ्यात ३५ च्या पुढे जाऊ शकतं. काहींचं तर ५० च्या वर पोचतं, आणि मग तोच जुना प्रश्न नव्या रूपात येतो : बरं झालं की, आता गोळ्या कशाला? नेमकं हेच तपासणाऱ्या एका चाचणीचे निकाल २०१९ मध्ये छापून आले. फुगलेलं हृदय औषधांवर पूर्ववत झालेल्या, कसलाही त्रास नसलेल्या रुग्णांपैकी ज्यांची औषधं टप्प्याटप्प्याने थांबवली, त्यांतल्या ४४ टक्क्यांना सहा महिन्यांत आजार परतला. ज्यांची औषधं चालू ठेवली त्यांच्यात त्या काळात एकालाही नाही. म्हणून रिपोर्टवर ५५ आलं तरी फ्युरोसेमाइड कमी करायचं की बंद, एवढाच विषय डॉक्टरांसमोर काढावा. बाकीची पाकिटं होती त्या जागी राहू द्यावीत.